कोर्टाच्या कागदावर न आलेलं

प्रश्न: मी २८ वर्षांची आहे, तालुका कोर्टात चार वर्षं दिवाणी प्रॅक्टिस करतेय. कॉलेजपासून कथा लिहिते, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या. सिनिअर म्हणतात लेखन सोड, पक्षकारांना वाटतं वकिलाचं लक्ष कामात नाही. मानधन घेतलं तर सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, अडचण येते का? आणि पक्षकारांच्या गोष्टी डोक्यात घोळत राहतात, त्या लिहू का?

उत्तर: ताई, सनदेचं आधी सांगते म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करू देत नाही, पण नियम ५१ मध्ये पत्रकारिता, प्रसारण, व्याख्यानं, शिकवणं याला मोकळीक दिलेली आहे, फक्त त्यातून जाहिरात व्हायला नको आणि ती पूर्णवेळ नोकरी असायला नको. कथेचं मानधन म्हणजे काही नोकरी नव्हे, बिनधास्त घ्या. लेखक-परिचयात ऑफिसचा पत्ता आणि कसल्या केसेस घेता ते मात्र छापू देऊ नका.

सिनिअरांचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वऱ्हाडात वकिली करत नाटकं आणि विनोदी लेख लिहिले, १९२७ ला पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि नरेंद्र चपळगावकर तर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, २०२३ च्या वर्धा संमेलनाचे अध्यक्ष. पक्षकार सोडून जातो तो तारखेला आपण हजर नसलो, फोन उचलला नाही म्हणून. कथेमुळे माझा एकच पक्षकार गेला आणि त्यात चूक माझीच होती, ते पुढे सांगते.

आधी हे ऐका. बांधाच्या एका दाव्यात एक आजी साक्षीला उभ्या होत्या. समोरचे वकील म्हणाले, बांध तुम्ही घातलेलाच नाही. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "न्हाई कसा सायेब, थोरल्याच्या टायमाला सातवा म्हैना चालू व्हता, तवा दगडं वाहिलीत मी." न्यायाधीश साहेबांनी स्टेनोला सांगितलं आणि कागदावर आलं, 'हे म्हणणे खरे नाही की, सदर बांध मी घातलेला नाही.' कोर्टाला तेवढंच लागतं आणि ते बरोबरच आहे, पण सातव्या महिन्यात वाहिलेली ती दगडं आता कुठल्याच कागदावर नाहीत, आणि तुम्ही तर तिथे रोज पाच फुटांवर उभ्या असता, वही-पेन हातात घेऊन! हे ऐकायला मिळावं म्हणून तरी वकिली सोडू नका असं मी म्हणेन.

आजी उघड्या कोर्टात बोलल्या, तरी त्यांचं गाव मी इथे सांगितलं नाही. ऑफिसात दार लोटून पक्षकार जे सांगतो ते तर आपलं नसतंच. ते वकिलाने बाहेर सांगू नये म्हणून आधी पुराव्याच्या कायद्यात कलम १२६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ आहे, आणि हे बंधन केस संपल्यावरही सुटत नाही. मी सुरुवातीला एका कथेत नाव बदललं, गाव बदललं, पण विहिरीवरचा मोडका रहाट तसाच ठेवला. अंक पक्षकाराच्या पुतण्याच्या हाती पडला. काका ऑफिसला आले, टेबलावर अंक ठेवला, एक शब्द बोलले नाहीत, दुसरा वकील लावण्यासाठी नो ऑब्जेक्शनवर सही घेतली आणि गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून घटना घेतच नाही, घेते ते बोलणं, हातवारे, गप्प राहण्याची तऱ्हा, तेही तीन-चार वेगळ्या माणसांचं एकत्र करून. लैंगिक अत्याचाराच्या केसमधल्या बाईची ओळख पटेल असं काहीच लिहायचं नाही, तो गुन्हा आहे.

अजून एक, दिवसभर दावे आणि कैफियती ड्राफ्ट केल्या की 'सदर', 'सबब', 'मजकूर' हे कथेत कधी शिरतात कळत नाही, म्हणून मी कोर्टातून आल्यावर लिहीत नाही, सकाळी केसचे पेपर उघडायच्या आधी तासभर लिहिते, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून बघते.

तुम्ही दिवाणी बाजूला आहात, मे महिन्याची सुट्टी मिळेल. दिवाळी अंकवाले पावसाळ्यातच कथा मागायला लागतात, म्हणजे पहिला खर्डा मे मध्येच व्हायला हवा. छापून आली की अंकाचं नाव कळवा, मी विकत घेऊन वाचेन.