आधी उलटं करून बघ

बाळा,

ब्रूच छानच आहे, निळा रंग तर मला फार आवडला, पण सगळे फोटो तू पुढून काढलेस गं. जुन्या ऱ्हाइनस्टोनच्या, म्हणजे चमकत्या काचेच्या खड्यांच्या, दागिन्याची पुढची बाजू नुसती भुलवते, काय ते कळतं पाठीवरून, म्हणून आज जरा सविस्तरच लिहिते.

तू विचारलंस मागे कंपनीचा शिक्का नसेल तर घेऊ का. घे की! नवीन लोक ट्रिफारी, आयझेनबर्ग, वाइस अशी जुन्या अमेरिकन कंपन्यांची नावं शोधत बसतात, मला ते अजिबात पटत नाही. ब्रुकलिनची डिलिझा अँड एल्स्टर ही कंपनी दुसऱ्यांसाठी ढिगाने माल बनवायची आणि स्वतःचा शिक्काच मारायची नाही, १९६७-६८ मध्ये ज्युलियाना नावाचा कागदी टॅग लावला तोही कधीच गळून गेला, तरी आज त्यांची पाच लिंकांची ब्रेसलेटं लोक मागची जोडणी बघून बरोब्बर ओळखतात. उलट वाइसच्या नावाचे नकली शिक्के बाजारात आहेतच. आणि नुसत्या खड्यावरूनही मेकर कळत नाही, कारण खडे यायचे ऑस्ट्रियात स्वारोव्स्कीकडून नाहीतर बोहेमियातल्या गाब्लोन्झहून, आणि ते बसवणारे प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्कमधले कितीतरी कारखाने तेच खडे वापरायचे.

काळ ठरवायलाही पाठच कामाला येते. स्टर्लिंग, म्हणजे चांदी, असं लिहिलेलं असेल तर दुसऱ्या महायुद्धातला असण्याची शक्यता मोठी, कारण १९४२ पासून नेहमीचे धातू युद्धाकडे वळले आणि कारखाने चांदीवर आले. गोलातला सी म्हणजे कॉपीराइटची खूण असेल तर साधारण १९५५ नंतरचा, त्या वर्षी ट्रिफारीने कोर्टात केस जिंकली आणि मग सगळेच ती खूण मारायला लागले. पुढून एकच गोष्ट बघ, खड्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात का. ते ऑरोरा बोरिआलिस कोटिंग, १९५६ च्या सुमाराचं, त्यामुळे असा पीस कोणी "१९४० चा, आजीचा" म्हणून विकायला लागला तर एकतर खडे बदललेत नाहीतर आजी बदललीय.

आता धुण्याचं. पाण्यात बुडवायचं नाही, कधीच नाही, साबण तर दूरच. खड्याच्या मागे आरशासारखा पातळ चंदेरी थर असतो, कुंदनात मागे वर्ख देतात तसाच, चमक त्याचीच. पाणी आत गेलं की तो थर जातो आणि खडा पिवळट, करडा, मेलेला दिसतो, मग काहीही करून परत येत नाही. कोरडा मऊ ब्रश पुरतो. हिरवा कळंक चढलेला पीस बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेव, कोपऱ्यात असेल तर टूथपिकने खरवड, पण खड्यांच्या बुडाशी पसरलेला असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडून दे. खडा पडला तर सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने पांढरी साय धरते. जी-एस हायपो सिमेंट नावाच्या गोंदाची बारीक सुईवाली ट्यूब मिळते, ती घे. आणि प्रत्येक पीस वेगळा ठेव, एकावर एक टाकलेस तर काचेने काच घासते.

मेमध्ये ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला जाणारेस ना? पहाटे जा, टॉर्च आणि १० एक्स लूप, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग, घे, कॅश घे. एकाच टेबलवरून दोन-तीन वस्तू एकत्र उचल आणि मग भाव कर, एकेकीवर घासाघीस करशील तर विकणारा वैतागतो. मोडक्या दागिन्यांचा डबा दिसला तर तो पूर्ण घेऊन टाक, रिपेअरला जुने खडे तिथूनच मिळतात. फक्त घ्यायच्या आधी मला फोन कर, त्यातले अर्धे खडे मला हवेत.

मावशी