आधी सुई, मग टर्नटेबल

अरे, शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो म्हणून लगेच नवा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) नको. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवायचा भाग, आहे ना तुझ्याकडे? त्याच बॉडीवर मायक्रोलिनिअर (जास्त बारीक टोकाची) सुई नुसती सरकवून बसते. रेकॉर्डच्या आतल्या कडेला शेवटच्या गाण्यातला ‘स’ फाटतो, तो बराच सावरेल. सुईचा रेकॉर्डवरचा भार 2 ग्रॅम, छोट्या वजनकाट्यावर मोजूनच लाव.

तरी बदलायचाच असेल तर रेगा प्लॅनर 3 छान, पण त्यावर 78चा (मिनिटाला 78 फेऱ्यांचा) वेग नाही. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या, त्याच वेगाने वाजणाऱ्या लाखेच्या तबकड्या ऐकायच्या असतील तर टेक्निक्स एसएल-1500सी बघ. या तबकड्यांना सुईही जाड लागते. मी एक तबकडी एलपीच्या (नेहमीच्या व्हिनाइल रेकॉर्डच्या) सुईवर लावून पाहिली होती, पदापेक्षा खरखरच जास्त! आणि हो, टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नकोस, आवाज घुमतो.