'वर्कहॉर्स'ला मराठीत तट्टू म्हणावं का?

प्रश्न असा आहे की इंग्लंडातल्या जुन्या शेतीवरच्या एका अनुवादात नांगर ओढणाऱ्या घोड्याला 'तट्टू' म्हटलंय, ते चालेल का, आणि नसेल तर 'वर्कहॉर्स'ला मराठीत काय म्हणायचं.

माझ्या मते तट्टू नकोच. शब्दात कमीपणा आहे म्हणून नाही हं, तो 'भाडोत्री तट्टू'मुळे चिकटलाय, नाहीतर भीमथडीची म्हणजे भीमेच्या काठची तट्टं नावाजलेलीच होती. पण तट्टू म्हटलं की ठेंगणं, काटक, पाठीवर ओझं घेऊन घाट चढणारं जनावर डोळ्यापुढे येतं. तिकडचा नांगराचा शायर जातीचा घोडा खांद्यापाशीच 68 इंचाच्या वर जायचा आणि वजन टनाच्या आसपास, त्याला तट्टू म्हणणं म्हणजे रेड्याला करडू म्हणण्यासारखं. हां, तिकडच्या कोळशाच्या खाणीत गाड्या ओढायला जी बुटकी शेटलंड जनावरं असायची त्यांना तट्टू खुशाल म्हणा. 1842 च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत खाली उतरवायला बंदी आली, त्यानंतर या तट्टांची संख्या वाढली.

मग शब्द काय? 'नांगराचा घोडा', 'गाडीचा घोडा', 'ओढकामाचा घोडा'. आपण नांगराचा बैल म्हणतोच की. 'श्रमाश्व' वगैरे काही बनवू नका प्लीज.

अनुवाद करताना खरा घोळ पुढे होतो, कारण शेतीचे आपले सगळे शब्द बैलाचे आहेत. 'जुंपणे' घोड्यालाही चालतं, टांग्याला घोडा जुंपतातच, पण 'घोड्याच्या मानेवर जू ठेवलं' लिहिलं की गडबड, कारण जू बैलाच्या वशिंडापुढे अडतं आणि घोड्याला वशिंड असतंय कुठे? गळ्याभोवती नुसता पट्टा बांधून ओढायला लावलं तर जोर केला की त्याचा श्वासच कोंडतो, म्हणून युरोपात मध्ययुगात खांद्यावर बसणारं गादी भरलेलं कडं आलं आणि त्यानंतर घोडा जड नांगर नीट ओढायला लागला. त्यामुळे तिथे 'खांद्यात गादीचं कडं घातलं' असं सरळ लिहावं, शिवळ, जोतं हे बैलाच्या जुवाचे शब्द तर आणूच नयेत.

आता माणसाला 'वर्कहॉर्स' म्हणतात त्याचं. इथे मराठीत घोडा बसतच नाही. आपल्याकडे शेतात राबला तो बैल, घोडा बसायला, पागेत, टांग्याला, ओझ्याला, आणि भाषेत ते स्पष्ट दिसतं. राबण्याचे शब्द बघा: घाण्याचा बैल, ओझ्याचा बैल, ढोरमेहनत, गाढवासारखं राबणं. आणि घोडं (नपुंसकलिंगी, जरा वैतागून म्हटलेलं) काय करतं तर अडतं, पेंड खातं, वरातीमागून येतं, फार तर गंगेत न्हातं! काम करताना मला तरी ते एकाही म्हणीत सापडत नाही.

घाण्याचा बैल पण नको, त्यात तेच ते फिरण्याचा कंटाळा आहे आणि 'वर्कहॉर्स'मध्ये कौतुक असतं. त्यामुळे 'तो टीमचा वर्कहॉर्स आहे' याला मी 'टीमचा गाडा तोच ओढतो' असं लिहीन, जनावराचं नाव न घेता.