ऑपरेशन झालं, शेक अजून सुरू नाही: मधल्या दिवसांत ब्रेन ट्युमर पुन्हा वाढतो का?

तुम्ही विचारलंय, वडिलांचं ग्लायोब्लास्टोमाचं (मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीचं) ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले, रेडिएशन, म्हणजे शेक, अजून सुरू नाही, तर तेवढ्यात गाठ पुन्हा वाढेल का? आणि घरचे म्हणतायत, आधी अंगात ताकद येऊ दे.

वाढते. माझ्या दादाची वाढली.

गणपतीच्या आठवडाभर आधी पुण्यात त्याचं ऑपरेशन झालं. गाठ डावीकडे, बोलण्याच्या जागेला लागून. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये दिसणारी गाठ सगळी निघालेली होती. सांगलीला घरी आला तेव्हा दादा पूर्वीसारखा बोलत होता, दुकानाची वही स्वतः लिहीत होता. गौरी गेल्या, टाके निघाले. बायोप्सीत ग्रेड 4, म्हणजे सगळ्यात वरचा, आलं. रेडिएशनच्या डॉक्टरांनी अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी मास्क बनवायला बोलावलं; शेक देताना डोकं हलू नये म्हणून तो चेहऱ्यावर बसवतात.

काका म्हणाले, "पितृपक्षात असलं काही सुरू करायचं नाही. घट बसले की जाऊ. तोवर जखमही भरेल." मी भांडले. वहिनी मध्ये अडकली. शेवटी दादाच म्हणाला, काकांचं ऐकू.

त्या पंधरवड्यात त्याचे शब्द हरवायला लागले. आधी किल्ली. कुलूप उघडल्यासारखा हात फिरवायचा, शब्द यायचा नाही. मग वहीतले आकडे रेघेखाली उतरायला लागले. काका म्हणाले, अशक्तपणा आहे. घट बसल्यावर गेलो, मास्क बनला, शेक नेमका कुठे द्यायचा त्याच्या आखणीसाठी नवा एमआरआय झाला. काढलेल्या गाठीच्या पोकळीला लागून सुपारीएवढी नवी गाठ होती.

यात सर्जनचा दोष नाही. ही गाठ हरळीसारखी असते. वरचं सगळं खुरपलं तरी काड्या मातीत राहतात. शेतात चार बोटं जास्त खणता येतं, मेंदूत नाही; तिथे लगेच पलीकडे माणसाचं बोलणं असतं. म्हणून तर मागोमाग रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या देतात. 2005 पासून हीच पद्धत रूढ आहे: आठवड्याचे पाच दिवस, 30 वेळा, एकूण 60 ग्रे (शेकाचा डोस ग्रेमध्ये मोजतात). साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात.

वर्षश्राद्धाला काका पाहुण्यांना सांगत होते, "शेक दिला आणि गाठ उसळली." तेव्हा मी गप्प बसले. आता बसत नाही. दोन्ही फिल्म माझ्या कपाटात आहेत. नवी गाठ दिसते त्या फिल्मवरची तारीख पहिल्या शेकाच्या आठ दिवस आधीची आहे. शेकाने गाठ वाढली म्हणणाऱ्याने ती तारीख वाचावी.

तुम्ही फाइल काढून बघा, ऑपरेशननंतर 48 तासांच्या आसपास एमआरआय झाला होता का. उशिरा काढला तर भरत आलेली जखमही कॉन्ट्रास्टमध्ये (एमआरआयवेळी शिरेतून देतात त्या औषधाने) चमकते, आणि गाठ कुठली ते सांगणं अवघड होतं. आखणीसाठी ताजा एमआरआय करणार का, हेही विचारा. जुन्यावरच आखणी झाली तर नवी वाढ शेकाच्या बाहेर राहू शकते. जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर मंजुरीचे कागद आजच लावा, त्यातही दिवस जातात.

जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल तर मात्र थांबावं लागतं, ते डॉक्टरच ठरवतील. बोलणं अडखळणं नुसत्या सुजेनेही होतं, विशेषतः स्टेरॉइड कमी केल्यावर. तेव्हा लगेच गाठच धरून चालू नका, पण कळवा मात्र त्याच दिवशी. मेनिंजिओमासारख्या संथ वाढणाऱ्या गाठींचं गणित वेगळं असतं. आणि वेळेवर गेलो असतो तर दादा आज असता, असं मी म्हणत नाही. हा आजारच तसा आहे. पण आणखी काही दिवस त्याने वही लिहिली असती, असं मला वाटतं.

चार आठवडे झालेत. ताकद येण्याची वाट बघू नका. उद्या सकाळी फोन करून मास्कची तारीख घ्या.