विचारलंत 50 लाखांचं, राहून गेलं 55 लाखांचं

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 37, मुलगा चौथीत. यजमान सैन्यात हवालदार होते. जानेवारी 2024 मध्ये काश्मीरमधल्या पोस्टवर रात्रीचा पहारा संपवून आले, छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचेपर्यंत संपलं. ग्रुप इन्शुरन्सचे 50 लाख मिळाले, ते बचत खात्यात आहेत. ताई विचारतात: "बँकेतल्या मुलाने सांगितलेली गॅरंटीड योजना घेतली, वर्षाला 5 लाख भरायचे. उरलेल्यात पर्वरीला फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ, खरेदीखतावर त्यांचंही नाव घालू असं दीर म्हणतात. पेट्रोल पंप मिळतो का तेही बघायचंय. बरोबर आहे का?" उत्पन्नाचा अंदाज यावा म्हणून पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, फोटो जोडलाय. आणि अगदी शेवटी, जाता जाता: "पेन्शन कमीच वाटते, पण एवढीच बसते असं एका साहेबांनी सांगितलं. एक इंग्रजी पत्र आलं होतं चार महिन्यांमागे, ते सासऱ्यांनी फायलीत लावून ठेवलंय."

ताई, फ्लॅट आणि योजना जरा बाजूला ठेवा. आधी ती फाईल काढा.

तुमच्या फोटोत तुमचाच अंगठा पीपीओच्या निम्म्या कागदावर आलाय, पण दोन आकडे दिसतात: जानेवारी 2034 पर्यंत 20,050 आणि त्यानंतर 12,030. मला तेवढं पुरलं. यजमानांचा शेवटचा मूळ पगार आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून 40,100 होता. त्याचे 50 टक्के दहा वर्षं आणि पुढे 30 टक्के, ही साधी फॅमिली पेन्शन. घरी आजारी पडून गेलेल्या जवानाच्या बायकोलाही हीच मिळते. मृत्यू सैन्यातल्या सेवेमुळे झाला किंवा सेवेने आजार बळावला असं मान्य झालं, तर स्पेशल फॅमिली पेन्शन बसते. ती 60 टक्के, आणि दहा वर्षांनी खाली येत नाही. लढाईत किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी 100 टक्क्यांची तिसरी पेन्शन असते. ती तुमच्या प्रकरणात सहजासहजी बसत नाही, कोणी हमखास मिळवून देतो सांगून फी मागितली तर देऊ नका.

आता हिशेब, महागाई भत्ता सोडून. तुम्हाला आज 20,000, स्पेशलमध्ये 24,000. फरक महिन्याला 4,000, म्हणजे दहा वर्षांत पावणेपाच लाख. खरा खड्डा पुढे आहे. 2034 मध्ये तुम्ही 45 वर्षांच्या असाल, मुलगा कॉलेजात, आणि पेन्शन 12,000 वर येईल. तिथून फरक महिन्याला 12,000, वर्षाला 1 लाख 44 हजार. 80 वर्षांपर्यंत धरलं तर 50 लाख. एकूण 55 लाख, आणि भत्ता धरला तर कितीतरी जास्त. हातात आलेल्या 50 लाखांसाठी तुम्ही चार जणांना विचारलंत. या 55 लाखांचा कागद मात्र उदबत्तीच्या पुड्याशेजारी पडून आहे.

ते इंग्रजी पत्र मी पाहिलेलं नाही, पण त्यात काय असणार ते सांगतो: आजार सेवेमुळे जडलेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून फौजेत त्याला 'नाना' म्हणतात. एका नानापायी घरंच्या घरं अर्ध्या पेन्शनवर जगतात, कारण पत्र मराठीत नसतं आणि त्यावर अपील करता येतं हे सांगायला कोणी घरी येत नाही. तिरंगा घेऊन आलेली गाडी परत गेली की पुढचं सगळं टपालाने.

पत्रावरची तारीख बघा. पहिल्या अपिलाला सहा महिने असतात, तुमचे चार गेलेत. अपील यजमानांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. पणजीला सैनिक कल्याण खात्यात फाईल घेऊन जा, अर्ज तिथे लिहून मागा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर युनिटकडून तीन गोष्टी मागवा: कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिची प्रत, शेवटच्या वार्षिक तपासणीचा कागद (त्यावर 'शेप-वन' असेल तर माणूस ठणठणीत होता) आणि मृत्यूआधीच्या 14 दिवसांत त्यांना कोणकोणती ड्यूटी होती त्याची नोंद. हृदयविकाराच्या प्रकरणात हे 14 दिवस पाहण्याचा प्रघात आहे. थंडीतला रात्रपहारा त्यात लेखी हवा.

हमखास मिळेल असं मी म्हणणार नाही. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं धरायचं, नाही हे सरकारने सिद्ध करायचं. पण सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने नियम बदलले, आणि तुमचे यजमान त्यानंतर गेले. म्हणजे झगडावं लागेल. अपिलात नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गोव्यासाठी आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उशीर झाला तरी पेन्शनचा हक्क बुडत नाही, पण थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून तसंच चालत आलंय. सत्तरीतल्या माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी पत्र नऊ वर्षं ट्रंकेत ठेवलं. पेन्शन वाढली, सहा वर्षं मात्र पाण्यात गेली.

आता तुमचा प्रश्न. ती 'गॅरंटीड' योजना: दहा वर्षं 5 लाख भरा, बाराव्या वर्षानंतर दहा वर्षं 8 लाख घ्या. 50 चे 80 होतात म्हणून बँकेतला मुलगा खूश, तुम्ही खूश. व्याज काढलं तर वर्षाला 4 टक्के पडतं, ताई. बचत खात्यापेक्षा किंचित बरं, एफडीपेक्षा वाईट. शिवाय 24 हजारांच्या आशेवरच्या बाईला वर्षाला 5 लाखांचा हप्ता लावणाऱ्या त्या मुलाला टार्गेट सोडून काही दिसलं नाही. पॉलिसी हातात येऊन 18 दिवस झालेत असं तुम्ही लिहिता. 30 दिवसांच्या आत ती परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. उद्या जा, लेखी द्या, पोच घ्या. "मॅडम, बंद करू नका, मी मॅनेजरशी बोलतो" यावर थांबू नका.

फ्लॅट नको. 45 लाखांच्या फ्लॅटला 14,000 भाडं म्हणजे पावणेचार टक्के, त्यातून सोसायटी आणि घरपट्टी जाणार. आणि खरेदीखतावर दिरांचं नाव कशाला? पेट्रोल पंपाचंही विसरा. त्यासाठी लागणारा दाखला मागायला गेलात की तिथेही नाना आडवा येतो.

पोस्टाच्या मासिक योजनेत तुमच्या नावावर 9 लाख ठेवा, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 5,550 येतील. वर्षभराच्या खर्चाइतके पैसे एफडीत. बाकीचे सहा महिने कुठेही गुंतवू नका, दोन-तीन बँकांत एफडी करून सोडा. यजमानांच्या बचत खात्यासाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नसावी, सब-रजिस्ट्रारकडे वारसाहक्काचं डीड होतं. गोव्याच्या कायद्याने लग्नाचा वेगळा करार नसेल तर अर्धं तुमचं, उरलेलं अर्धं मुलाचं. दिरांना हे शांतपणे वाचून दाखवा.

आणि पीपीओचा फोटो पुन्हा पाठवा, या वेळी अंगठा बाजूला घेऊन. पेन्शनचा प्रकार लिहिलेली ओळ नेमकी त्याखाली गेली आहे.