कोकणात ट्युलिप?

प्रश्न : मिशिगनमधल्या हॉलंड गावी डच वारशाचा ट्युलिप महोत्सव मे महिन्यात भरतो. तसं ट्युलिप रत्नागिरीत कुंडीत फुलेल का?

उत्तर : फुलेल, पण एका कंदाला एकदाच. कंदाला आधी थंडी हवी, ती इथे फ्रीजच देणार. सप्टेंबरअखेर कागदी पिशवीत घालून ४ ते ७ अंशांवर १२ ते १४ आठवडे ठेवा. कंद थंडावलेलेच मिळाले, तर झालेले आठवडे विक्रेत्याला विचारून वजा करा. शेजारी चिकू, केळी, सफरचंद मुळीच नको! पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने कळी कंदातच मरते. जानेवारीत जांभ्याच्या मातीत निम्मी वाळू मिसळून, टोक वर ठेवून १० सेंमी खोल लावा. कुंडी सावलीत ठेवा. थंडी कमी पडली असेल, तर दांडा आखूड राहून फूल पानांतच अडकतं.