पहिलाच नाइफ शो, तोही परदेशातला: कुठे जावं?

प्रश्न : नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मी ग्राइंडरवर चाकू बनवतो, फिक्स्ड ब्लेड म्हणजे न मिटणारे, कॅम्पिंगला चालतील असे. घडाई येत नाही, पट्टी कापून घासूनच करतो. पुढच्या वर्षी एकदाच बाहेर जाता येईल एवढीच रजा आणि पैसा आहे. अमेरिकेत अटलांटाला भरणारा ब्लेड शो, की जपानमधलं सेकी आणि फ्रान्समधलं तिएर या चाकूंच्या गावांतले शो? एक मित्र म्हणतो न्यूरेंबर्गच्या आयडब्ल्यूएला जा, सगळ्या कंपन्या एका छताखाली मिळतात. मला इंग्रजी येतं, बाकी काही नाही. माझे दोन-तीन चाकू सोबत नेऊन विकता आले तर खर्च थोडा निघेल.

उत्तर : अटलांटाला जा. तुम्ही स्वतः बनवता म्हणून सांगतोय, नुसते बघे असता तर दुसरं सांगितलं असतं.

आधी न्यूरेंबर्ग डोक्यातून काढा. आयडब्ल्यूए हे धंद्यातल्या लोकांसाठीचं प्रदर्शन आहे, दुकानदार-वितरक असल्याचे कागद दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि लास व्हेगासला जानेवारीत भरतो त्या शॉट शो या बंदुका-शिकारीच्या सामानाच्या प्रदर्शनाचंही तेच. फोटो बघून लोक भुलतात आणि विमानाचं तिकीट आधी काढून बसतात. कुठल्याही शोचं नाव ऐकलं की पहिली चौकशी हीच करायची की तो सामान्य पब्लिकला खुला आहे का, बाकी सगळं नंतर.

आता अटलांटा का. जूनच्या सुरुवातीला शुक्रवार ते रविवार असा तीन दिवस तो भरतो, शेकडो टेबलं असतात आणि त्यातल्या पुष्कळ टेबलांमागे ज्याने चाकू बनवला तोच माणूस बसलेला असतो. स्टील कुठलं, पाणी कशात दिलं (म्हणजे तापलेलं पातं कशात बुडवलं), तेलात की आणखी कशात, टेंपर म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं किती वेळा केलं, हे सगळं सरळ विचारता येतं आणि बहुतेक जण भरभरून सांगतात, कारण त्यांनाही असं विचारणारा माणूस हवाच असतो. तुम्हाला इंग्रजी येतं म्हणजे अर्धं काम तिथेच झालं. सेकी किंवा तिएरला हाच प्रश्न तुम्ही हातवारे करून विचाराल आणि उत्तरातलं नेमकं कामाचं वाक्य निसटेल.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या चाकू घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या जर्नीमन आणि त्यावरच्या मास्टर स्मिथ या दर्जांसाठीचं परीक्षण याच शोच्या वेळी होतं. त्याआधी उमेदवाराने प्रात्यक्षिक परीक्षा दिलेली असते, एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंची लाकूड दोनदा छाटायचं, मग त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून 90 अंशात वाकवायचं, मोडता कामा नये. त्यानंतर पाच चाकू परीक्षकांपुढे ठेवायचे. मास्टरसाठी त्यातला एक डमास्कस स्टीलचा, म्हणजे थरावर थर जोडून घडवलेल्या स्टीलचा, किमान 300 थरांचा खंजीर असावा लागतो. तुम्ही घडाई करत नसलात तरी पास झालेल्या माणसाचे चाकू टेबलावर मिळाले तर जरूर बघा, कारण फिनिशिंग म्हणजे काय ते तिथे डोळ्यांना कळतं. पातं गार्डमध्ये, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीत शिरतं त्या सांध्याला उजेडासमोर धरून बघा, फट दिसते का. दोन्ही बाजूंच्या प्लंज लाइन, म्हणजे मुठीजवळ घासणं जिथे संपतं त्या रेषा, एकाच जागी थांबतात का. मग चाकूची पाठ डोळ्याच्या रेषेत धरून टोकापर्यंत नजर न्या, मूठ आणि पातं एका सरळ रेषेत आहे का ते लगेच समजेल. आपल्या चाकूत नेमकं काय कमी आहे ते असं हातात धरल्यावर जेवढं कळतं तेवढं शंभर व्हिडिओ बघून कळत नाही, आणि माझ्या मते या एका गोष्टीसाठी ही ट्रिप करावी.

शिवाय सामान विकणारे वेगळे असतात, स्टीलच्या पट्ट्या, ग्राइंडरचे पट्टे, मुठीचं स्टॅबिलाइज्ड (राळ मुरवून टिकाऊ केलेलं) लाकूड, आणि शिकवणीचे तासही असतात, त्यांचं बुकिंग जमलं तर आधीच करून टाका.

दिवस कसे वापरायचे तर शुक्रवारी खरेदीवाले धावत असतात, नावाजलेल्या लोकांचे चाकू पहिल्या काही तासांत संपतात, काही जण तर विकण्याऐवजी चिठ्ठ्या टाकायला लावतात, म्हणजे नाव लिहून डब्यात टाकायचं आणि निघालं तर चाकू घेण्याचा हक्क तुमचा. तुम्ही त्या धावपळीत पडू नका, शुक्रवारी नुसता फेरफटका मारून कुठल्या टेबलांवर परत यायचं ते लिहून ठेवा. शनिवार बोलण्याचा. रविवारी दुपारनंतर निम्मी टेबलं रिकामी झालेली असतात, पण जे बसलेले असतात ते निवांत असतात, तेव्हा आपला चाकू पुढे करून "यात काय चुकलंय ते सांगा" असं विचारायला हीच वेळ सगळ्यात चांगली.

विकायचं मात्र मनात आणू नका. पर्यटक म्हणून जाऊन माल विकणं ही व्हिसाच्या आणि कस्टम्सच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट होते आणि पहिल्याच वेळी त्या भानगडीत पडण्यात काही अर्थ नाही. दाखवायला एखाद-दुसरा न्या. आणि व्हिसाची चौकशी आजच करा, काही देशांत अमेरिकेच्या मुलाखतीची तारीखच महिनोन्‌महिने मिळत नाही, तसं झालं तर तिएर हा तुमचा दुसरा पर्याय, शेंगेन व्हिसावर.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही चाकू बनवत नाही, पण स्वयंपाकातल्या चांगल्या सुऱ्यांची आवड आहे. मला दिवसभर टेबलं बघायला आवडेल, हिला तासाभरात कंटाळा येईल. आमच्यासाठी कुठला शो?

उत्तर : तुम्हाला सुऱ्याच घ्यायच्या असतील तर सेकी. गिफू प्रांतातलं हे गाव, नागोयापासून जवळ, शेकडो वर्षं तलवारी घडवणारं, आता स्वयंपाकाच्या सुऱ्या, कात्र्या, वस्तरे असं सगळं तिथे बनतं. तिथला पात्यांचा उत्सव शरद ऋतूत दोन दिवस असतो, रस्त्यावर कारखान्यांचे स्टॉल लागतात, पारंपरिक तलवार-घडाईचं प्रात्यक्षिक होतं, आणि त्याच सुमारास चाकू बनवणाऱ्यांचा वेगळा शोही भरतो. घडाई बघायला लवकर जाऊन पुढे उभे राहा, लाल झालेल्या लोखंडावर दोघं-तिघं आळीपाळीने घण घालतात आणि पहिल्या घावाला ठिणग्या एकदम चारी बाजूंना उडतात, मागे उभं राहिलं की फक्त आवाज ऐकू येतो.

पण दोघांचं मन रमायला हवं असेल तर मी तिएरच सांगेन. कुतेलिया नावाचा शो मे महिन्यात शनिवार-रविवारी असतो, देशोदेशीचे कारागीर येतात, आणि हॉलमधून बाहेर पडलं तरी गाव चाकूचंच आहे. फ्रान्समधले बहुतेक चाकू याच भागात बनतात, लागिओल म्हणून जो चाकू जगभर ओळखला जातो त्यातलेही कितीतरी तिएरचेच असतात. दुरोल नदीच्या पाण्यावर इथली धार लावायची चाकं फिरायची, आणि कारागीर फळीवर पालथे झोपून चाकाच्या वर तोंड करून काम करायचे, थंडीत पायांवर कुत्रा बसवून ठेवायचे, ऊब म्हणून. तिथलं चाकूंचं म्युझियम आणि ती नदीची दरी दोन्ही बघण्यासारखी आहेत. काही दुकानांत सुटे भाग जोडून स्वतःचा चाकू तयार करायला देतात, तुमच्या पत्नीला टेबलांपेक्षा हे नक्की आवडेल. मूठ आपणच निवडायची, खिळा आपणच ठोकायचा.

झोलिंगन हे जर्मनीतलं चाकूंचं गावही बऱ्याच जणांच्या यादीत असतं. तिथे 1938 पासून कायदाच आहे की मुख्य काम त्या गावात झाल्याशिवाय मालावर झोलिंगन लिहिता येत नाही. तिथलं पात्यांचं म्युझियम उत्तम आहे, पण तुम्ही दोघं पहिल्यांदा जाताय तर तिएर उजवं.

प्रश्न : टेबलावरचा चाकू हातात घेताना काय सांभाळायचं? आणि घेतलेला चाकू परत आणताना?

उत्तर : विचारल्याशिवाय उचलायचा नाही. पात्याला बोट लावायचं नाही, कार्बन स्टीलवर घामाच्या बोटाचा डाग राहतो आणि तिथून गंज धरतो. परत देताना मूठ समोरच्याकडे. फोल्डिंगचा चाकू झटका मारून उघडू-मिटू नका, सगळ्यांना त्याचा राग येतो. घ्यायचा नसेल तर टेबलासमोर गर्दी करून उभं राहू नका, बाजूला सरकून बोला. फोटो काढायचा असेल तर विचारा. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

परत आणताना चाकू चेक-इन बॅगेतच, टोकाला पुठ्ठा बांधून, केबिनमध्ये अजिबात नाही. बिल सोबत हवं. गावातून फिरतानाही विकत घेतलेला चाकू खिशात नको, जपानमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही, आणि जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकूही तसाच चालत नाही, म्हणून दुकानातून निघतानाच डब्यात बंद करून पिशवीत तळाला ठेवा आणि हॉटेलवर नेऊन टाका.

हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची मूठ असेल तर कितीही सुंदर असो, सोडून द्या, धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय करारामुळे सीमेवर अडकते. मॅमथचा (नामशेष झालेल्या हत्तीसारख्या प्राण्याचा) सुळा म्हणून विकतात त्यावरही काही ठिकाणी बंदी आहे. बटण दाबून उघडणारे चाकू, दुधारी खंजीर हे तुमच्या देशात चालतात का ते निघण्याआधी बघा, आणि वाटेत कुठे बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागत असेल तर त्या देशाचंही बघा. ब्रिटनमध्ये बटणाचा चाकू घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे असा चाकू घेतलाच असेल तर लंडनमध्ये रात्र काढणारं तिकीट काढू नका.